५१० चे आटे आणि बाकीची भानगड : ई-सिगारेटचे सुटे भाग एकमेकांत का बसत नाहीत?

पाना_पक्कड (लेस्टर)

कुणी ई-सिगारेट ओढावी म्हणून हा धागा नाही, हे आधीच सांगतो. भारतात तर तिच्या विक्रीवर २०१९ पासून बंदीच आहे. मला बोलायचंय ते तिच्या सांध्यांबद्दल. आम्ही काही हौशी मंडळी इथे दुरुस्तीचा कट्टा चालवतो. टोस्टर, रेडिओ, शिलाई मशिन येतात, आणि हल्ली वेपही. "ही टाकी ह्या बॅटरीवर का बसत नाही?" हा ठरलेला प्रश्न. उत्तर द्यायला लागलो की चहा गार होतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मूळ वस्तू साधी आहे. बॅटरी, तापणारी तार, तारेला रस (बहुधा निकोटीन मिसळलेला द्रव) पुरवणारी कापसाची वात आणि रसाची टाकी. पेनसिल्वेनियातल्या हर्बर्ट गिल्बर्टने १९६३ मध्येच बिनतंबाखूच्या, बिनधुराच्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, १९६५ मध्ये ते मिळालंही. पुढे काही घडलं नाही. आज दिसते ती वंशावळ सुरू होते होन लिक ह्या चिनी औषधतज्ज्ञापासून, २००३ च्या सुमारास. त्याची सुरुवातीची रचना श्राव्यातीत कंपनांनी रसाचा फवारा करायची. बाजाराने मात्र तापत्या तारेलाच पसंती दिली.

सुरुवातीच्या मॉडेलांना नावं नव्हती, आकडे होते. ८०१, ९०१, ८०८, ५१०. प्रत्येकाचे आटे वेगळे. एकाचा अ‍ॅटोमायझर (तार आणि वात असलेला वरचा भाग) दुसऱ्यावर चढवायचा तर मध्ये अ‍ॅडॉप्टर लागायचा. ५१० हे शेन्झेनच्या जॉयटेकचं एक सडपातळ मॉडेल. तोंडाशी ७ मिलिमीटर व्यासाचे, अर्ध्या मिलिमीटर पिचचे (म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतराचे) आटे. मधली पिन धन, बाहेरची कडा ऋण, दोघांमध्ये विद्युतरोधक वायसर. बस्स, एवढंच.

हे आटे उत्तम होते म्हणून जिंकले असं मला वाटत नाही. तेव्हा एवढ्याशा बॅटऱ्या तास-दोन तासांत मान टाकायच्या. मग २०१० च्या आसपास ईगो नावाची जाड, दिवसभर चालणारी बॅटरी आली. तिने ५१० चे आटे ठेवले आणि बाहेरून स्वतःचे मोठे आटे जादा दिले. जुने अ‍ॅटोमायझर फेकावे लागले नाहीत. टॉर्चच्या नळ्यांत मोठा सेल घालून स्वतःचे मॉड (बॅटरीचा खालचा भाग) बनवणाऱ्या हौशी लोकांनीही तोच सांधा उचलला. कुणी परिषद भरवून हे ठरवलं नव्हतं. पण इतक्या वर्षांनंतरही अमेरिकन मॉडवर जर्मन टाकी आणि तिच्यात चिनी कॉइल (तापणाऱ्या तारेचं वेटोळं) बिनतक्रार चालते, ती त्या अर्ध्या मिलिमीटर पिचमुळे.

आता माझं मत, पटलं नाही तर भांडा. ह्या धंद्यातल्या खऱ्या सुधारणा सांध्याच्या वर झाल्या नाहीतर खाली. वर : रस दिसणारी पारदर्शक टाकी, टाकीच्या वरून खाली आलेली कॉइल, वेटोळ्याच्या जागी जाळीची तार, सिरॅमिक. खाली : बदलता व्होल्टेज, मग वॅट, मग तापमानाचं नियंत्रण. मधला सांधा तोच राहिला म्हणून वरचे आणि खालचे एकमेकांची वाट न पाहता पुढे गेले. वरची टाकी एका कंपनीने सुधारली तर खालच्या सगळ्या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांना फायदा.

सांध्यालाच हात घालणारी मोठी घटना २०१५ ची, ज्यूल ही अमेरिकन वेप. आटे गेले, पॉड (रस आणि तार एकत्र असलेली छोटी कुपी) आला, ०.७ मिलिलिटरचा, खटकन बसणारा, आणि फक्त ज्यूलमध्येच बसणारा. त्यातली निकोटीन-क्षाराची करामत खरी नवी होती. बेंझोइक आम्लामुळे कडक निकोटीनही घशाला कमी टोचतं, त्यामुळे एवढ्याशा बॅटरीवर काम भागलं. पण पॉडचा आकार ही करामत नव्हती, ते कुलूप होतं. दुसऱ्या कंपन्यांनी त्यात बसणारे पॉड काढलेच, आणि २०१८ मध्ये ज्यूलने नक्कल करणाऱ्यांविरुद्ध अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे पेटंटभंगाच्या तक्रारी नेल्या. ५१० च्या आट्यांवरून असं काही झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

गप्पीदास

वाचतोय. शिलाई मशिनच्या बॉबिनवरही असाच धागा काढा, तिथेही हीच रड आहे.

ओहमशांती (पुणे)

धागा आवडला. मी वेपवाला नाही, पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, पण वेपची वीज सांभाळणाऱ्या ह्या चिपा बघण्यासारख्या आहेत. तापमान-नियंत्रणाचा तुम्ही एका शब्दात निकाल लावलात, म्हणून थोडी भर.

ओहायोच्या इव्हॉल्व्ह कंपनीने २०१४ मध्ये डीएनए ४० हा बोर्ड काढला. त्यात तापमापक नाहीच. तारच तापमापक. निकेलचा विद्युतरोध तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला साधारण ०.६ टक्के. थंड असतानाचा रोध नोंदवून ठेवायचा, चालू असताना पुन्हा मोजत राहायचं, फरकावरून तापमान काढायचं आणि मर्यादा आली की वीज कमी करायची. वात कोरडी पडली तरी कापूस करपत नाही. कँथल ह्या मिश्रधातूच्या तारेचा रोध तापल्यावर जवळजवळ हलत नाही, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही. स्टेनलेस स्टीलचा थोडा हलतो, म्हणून ते दोन्हीकडे चालतं.

आता गंमत बघा. निकेलची कॉइल ०.१ ओमची. तुमच्या लाडक्या ५१० च्या सांध्यात रस झिरपला, मळ साठला आणि संपर्करोध नुसता ०.०१ ओमने वाढला, तर चिपला वाटतं तार १६-१७ अंशांनी तापलीय. म्हणजे ज्या सांध्याला तुम्ही हात लावू नये म्हणता, त्यानेच ह्या सुधारणेची सगळ्यात जास्त गोची केली. आट्यांचं माप ठरलेलं होतं, पिनची उंची नव्हती! कुणाची पिन लांब, कुणाची आखूड. टाकी जोरात आवळली की खालची पिन आत दबायची आणि पुढची टाकी लावली की पडद्यावर "अ‍ॅटोमायझर नाही". स्प्रिंगवर तरंगणारी पिन आली तेव्हा कुठे हे थांबलं. तेव्हा सांध्यातही सुधारणा झाली की नाही?

पाना_पक्कड

झाली. पण बघा, स्प्रिंगची पिन आली तरी जुनी टाकी बसतच राहिली. मी ज्यावर चिडतो ती सुधारणा ही नव्हे.

पिनच्या उंचीवरून जीवावर बेततं तेही सांगून टाकतो. मेकॅनिकल मॉडमध्ये चिप नसते. नळी, बटण आणि १८६५० मापाचा गोल लिथियम सेल, एवढाच ऐवज. हायब्रिड प्रकारात तर वरची टाकी थेट सेलच्या डोक्यावर टेकते. टाकीची पिन आट्यांच्या कडेपेक्षा वर आलेली नसेल, तर ऋण असलेली कडा सेलच्या धन टोकाला लागते आणि सरळ शॉर्ट. बंद नळी, आत फुटणारा लिथियम सेल. अमेरिकेत ह्या जातीच्या उपकरणांच्या स्फोटांत माणसं दगावली आहेत. आटे जुळतात, हाताला घट्ट बसल्याचं समाधान मिळतं, आणि तरीही जोडी जुळलेली नसते. कट्ट्यावर असं काही आलं तर मी सेल बाहेर काढून वेगळा देतो आणि नळी परत करतो. दुरुस्ती नाही.

ओहमशांती

बरोबर. आणि हिशोब लोक करत नाहीत. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, कॉइल ०.२ ओमची, म्हणजे २१ अँपियर. सॅमसंगचा २५आर घ्या, बाजारातल्या दमदार सेलांपैकी एक, त्याची सलग मर्यादा २० अँपियर. म्हणजे नव्या कोऱ्या अस्सल सेललाही हे जड. वेष्टनावर "९,९०० एमएएच" (क्षमतेचं माप) छापलेल्या सेलांबद्दल तर बोलायलाच नको. १८६५० च्या डब्यात एवढी क्षमता मावतच नाही.

सडेतोड

वा! लोक फुप्फुसं जाळतायत आणि इथे पिनच्या उंचीवर चर्चासत्र. पाना_पक्कड, सांधे जुळले की व्यसन टिकाऊ होतं, एवढं तरी मान्य करा. न जुळलेलंच बरं.

निशिगंधा (न्यू जर्सी)

सडेतोड, सूर कडक आहे पण मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. मी रुग्णालयात काम करते. २०१९ च्या उन्हाळ्यात फुप्फुसांचा जो अचानक आजार पसरला, ज्याला पुढे इव्हाली म्हटलं गेलं, त्याचे फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकेत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. बहुतेकांच्या बाबतीत धागा पोचला तो गांजातलं नशेचं द्रव्य टीएचसी असलेल्या, चोरट्या बाजारातल्या काडतुसांपर्यंत. रस दाट दिसावा म्हणून त्यात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट मिसळलेलं होतं. आणि ही काडतुसं बहुतकरून कसली? ५१० आट्यांची. कुठल्याही स्वस्त बॅटरीवर बसणारी. रिकामी काडतुसं, छापील डबे, सगळं घाऊक मिळत होतं. सर्वांसाठी उघडा सांधा म्हणजे भेसळ करणाऱ्यासाठीही उघडाच.

दुसरं, धातू. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१८ मध्ये वापरातल्या ५६ उपकरणांची तपासणी केली. बाटलीतल्या रसात धातू कमी होते, तोच रस कॉइलपाशी गेल्यावर वाफेत शिसं, निकेल, क्रोमियम वाढलेलं आढळलं. म्हणजे कॉइल कशाची आणि कुणी बनवली हा प्रश्न नुसता "बसते का" एवढ्यावर संपत नाही. "बसते" म्हणून घेतलेली नकली कॉइल कशाची असते, देव जाणे.

पाना_पक्कड

ताई, हे मान्यच. पण पॉडचं कुलूप लावून भेसळ थांबली का? नकली पॉड आलेच. कुलूप गिऱ्हाइकाला अडवतं, नकल करणाऱ्याला फार तर महिनाभर.

उसाचा_रस (लीड्स)

शिकता शिकता एका वेपच्या दुकानात अर्धवेळ काम करतोय, घरी सांगू नका. आमच्या गल्ल्यामागे भिंतीवर एक तक्ता आहे, कुठली कॉइल कशात जाते त्याचा. मालकाने हाताने लिहिलाय, कारण छापील कधीच पुरत नाही.

आता पॉडच्या कॉइलला आटे राहिलेच नाहीत. नुसती दाबून बसवायची, बाजूला ओ-रिंग. वूपूची पीएनपी, व्हेपरेसोची जीटीएक्स, स्मॉकची आरपीएम. दिसायला सख्ख्या बहिणी, बसायला सवती. त्यातही आरपीएम वेगळी, आरपीएम-२ वेगळी, एकीचा पॉड दुसरीला चालत नाही. गिऱ्हाईक म्हणतं "स्मॉकची द्या", आणि आम्ही विचारतो "पॉड दाखवा".

चांगलं उदाहरणही आहे. अस्पायरच्या नॉटिलस टाकीची बीव्हीसी कॉइल कित्येक वर्षांची जुनी, अजून खपते, आणि नॉटिलस, नॉटिलस मिनी, नॉटिलस २ सगळ्यांत जाते. अपवाद नॉटिलस एक्स, तिची स्वतःची वेगळी. नाव नॉटिलस असल्यामुळे सगळ्यात जास्त परत येणारा डबा तोच! व्हेपरेसोच्या एक्सरॉसचे पॉडही पुढच्या-मागच्या मॉडेलांत चालतात, म्हणून आजी-आजोबांना आम्ही तेच दाखवतो.

तोंडाकडच्या नळीची तऱ्हा वेगळीच. ५१० ची ड्रिप टिप बारीक, ८१० ची रुंद, इथपर्यंत ठीक. पण ८१० मध्ये ओ-रिंग कधी टिपवर, कधी टाकीच्या झाकणात. दोन्हीकडे असली तर जात नाही, कुठेच नसली तर खिशात पडते.

गप्पीदास

"दिसायला सख्ख्या बहिणी, बसायला सवती" हे आवडलं. घरी सांगणार नाही, पण उसाचा रस हे नाव बदला.

शेन्झेनकर

मी ह्या धंद्यात नाही, प्लॅस्टिकच्या साच्यांच्या खरेदीत आहे. पण शेन्झेनच्या बाओआन भागात राहून ह्यापासून लांब राहता येत नाही. कॉइलची घराणी एवढी का, ह्याचं एक उत्तर साचा. एकदा पॉडचा साचा केला, त्यात गळती न होणारी बैठक जमली, की त्याला कुणी हात लावत नाही. पण पुढच्या मॉडेलची जाडी दोन मिलिमीटरने कमी हवी असं विक्रीखात्याने सांगितलं की नवा साचा, नवी बैठक, नवी कॉइल. प्रत्येक वेळी डाव असतोच असं नाही. कधी नुसती घाई असते.

दुसरी गोष्ट तुम्हा इंग्लंडवाल्यांना गंमतीची वाटेल. चीनने २०२२ मध्ये नियम केले. तंबाखूखेरीज चवी देशात विकायच्या नाहीत, आणि गिऱ्हाइकाला स्वतः रस भरता येईल अशी ई-सिगारेटही विकायची नाही. म्हणजे देशात फक्त बंद पॉड. तुमच्याकडे नेमकं उलट, भरता येत नसेल तर विकायची नाही. एकाच कारखान्याच्या आवारातल्या दोन उत्पादन-ओळींवर एकमेकींच्या उलट रचना तयार होतात. ५१० ज्या गावात जन्मला, त्या गावच्या दुकानात आता रस भरायची टाकी कायद्याने मिळत नाही.

पाना_पक्कड

शेन्झेनकर, ही माहिती सोन्यासारखी. इथली बाजू पुरी करतो.

युरोपच्या २०१४ च्या तंबाखू निर्देशाने टाकी २ मिलिलिटर, रसाची बाटली १० मिलिलिटर आणि निकोटीन मिलिलिटरला २० मिलिग्रॅम अशी कमाल ठरवली. नवी रचना लगेच आली, पण कुठे? दोन मिलिलिटरच्या टाकीबरोबर सुटी, फुगीर काच विकायला लागले. ती बदलली की पाच मिलिलिटर. बाटलीचंही तेच. बिननिकोटीनच्या रसाला १० मिलिलिटरची मर्यादा नाही, म्हणून ६० च्या बाटलीत ५० भरून द्यायचा आणि मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटीनची दहाची बाटली वेगळी. घरी ओतली की झालं ३ मिलिग्रॅमचं मिश्रण. कायदा सुट्या भागांच्या फटीतून असा वाट काढून जातो.

अमेरिकेने फट बुजवायचा प्रयत्न केला. ८ ऑगस्ट २०१६ पासून एफडीएच्या (तिथल्या अन्न-औषध प्रशासनाच्या) नियमाने कॉइल, टाकी, बॅटरी, पडदा, इतकंच काय उपकरणाचं सॉफ्टवेअरही "घटक" ठरलं. नवीन काही आणायचं तर आधी परवानगी. ओहमशांतींच्या त्या बोर्डासारखं काम गॅरेजमध्ये करणाऱ्यांसाठी हा पूर्णविराम होता. फायदा कुणाचा झाला? ज्यांच्याकडे वकिलांची फौज होती त्यांचा.

आणि मग एकदा वापरून फेकायच्या वेप आल्या. सांधाच नाही, म्हणजे न बसण्याची कटकटच मिटली. २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आठवड्याला सुमारे ५० लाख फेकल्या जात होत्या, हा मटेरियल फोकस संस्थेचा अंदाज. उघडून बघा, आत पुन्हा चार्ज होणारा लिथियम-आयनच असतो, फक्त चार्जिंगचं तोंड दिलेलं नसतं. लंडन आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हे सेल शेकडो वेळा चार्ज करून दाखवले. १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये ह्या फेकायच्या वेपांवर बंदी. वेप चार्ज होणारी हवी, भरता येणारी हवी, कॉइल असेल तर ती बदलता येणारी हवी. झालं काय, तर जुन्याच रूपड्याला खाली यूएसबीचं भोक आणि वर निघणारा पॉड. कॉइल पॉडमध्येच, म्हणजे पॉड बदलला की कॉइल बदलली. अक्षराला धरून आहे. पण माझ्या मते कायद्यात एक ओळ कमी पडली : पॉड कोणत्याही एका ठरलेल्या मापाचा हवा.

सडेतोड

म्हणजे सरकारने व्यसनाचं मापही ठरवून द्यायचं?

पाना_पक्कड

फोनच्या चार्जरचं युरोपने ठरवलंच की. विकायची परवानगी दिलीच आहे, तर कचरा तरी कमी होऊ दे. तुम्ही म्हणता तशी संपूर्ण बंदी हा वेगळा वाद आहे.

कायदेशीर_कारवार

भारतातल्या वाचकांसाठी दोन ओळी, कारण वरचं वाचून कुणी भाग मागवायला जाईल. २०१९ च्या कायद्याने उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात सगळं बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. नुसत्या साठ्यालाही सहा महिने किंवा पन्नास हजारांपर्यंत. व्याख्येत निकोटीन असो-नसो, दोन्ही येतं. "नुसती टाकी आहे, रस नाही" ह्या युक्तिवादावर विमानतळावर विसंबू नका. परदेशातून येताना मित्रासाठी आणू नका, एवढं पुरे.

ओहमशांती

एक राहिलं. युरोपच्या बॅटरी नियमाप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून हातातल्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. डाख देऊन आत बसवलेले सेल त्यात बसणार नाहीत. सुटा सेल परत आला तर संपर्क, स्प्रिंग, झाकण, उलटा घातला तर काय, हे सगळं परत आलं. पॉडवाल्यांनी जी डोकेदुखी टाळली होती ती.

उसाचा_रस

म्हणजे भिंतीवरच्या तक्त्याला अजून एक रकाना. मालकाला सांगतो.

शेन्झेनकर

साचेवाल्यांना मी सांगतो. त्यांना आवडेल.